नाशिकला पाठवलेली गोधडी

आमच्या घरातून इंटरनेटवर आजवर एकच वस्तू विकली गेली. तिचे पैसे दोन जणांनी भरले.

ती वस्तू म्हणजे आईने शिवलेली गोधडी. पैसे भरणाऱ्यांपैकी एक नाशिकच्या निवृत्त शिक्षिका होत्या. दुसऱ्याचं नाव योग्य वेळी येईल.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मी ठाण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि शहापूरजवळच्या सापगावातून रोज जाऊन-येऊन नोकरी करत होतो. उपसंपादकाचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं. बातमीत एखाद्या गावाचा तालुका चुकला, की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे माझ्याविरुद्ध वापरता येईल.)

त्या सुमारास ऑफिसातल्या संगणकावर मला खरेदी-विक्रीचं एक संकेतस्थळ सापडलं. लोक तिथे जुने कॅमेरे, नाणी, पितळी दिवे विकत होते. एकाने आजोबांचा अडकित्ता विकायला ठेवला होता आणि सात जण त्यावर बोली लावत होते. मला घरातल्या गोधड्या आठवल्या. आईच्या हातच्या गोधडीला आमच्या आळीतच नव्हे, तर थेट मुरबाड-धसईपर्यंत नाव होतं. मी एका गोधडीचा फोटो काढला, शहापुरातून तो स्कॅन करून आणला आणि सोबत तीन ओळींचा मजकूर दिला. त्यात एकही विशेषण नव्हतं. तरीही चौथ्या दिवशी नाशिकहून बर्वेबाईंचा ईमेल आला.

"अशीच एक गोधडी हवी. किंमत मान्य. पैसे कसे द्यायचे ते कळवावे."

पैसे कसे घ्यायचे, याचा विचार मी केलाच नव्हता. रात्री जेवताना विषय काढला. बायको सुनंदा मुरबाडची. तिचे वडील तिथल्या बाजारात बियाणं विकतात, त्यामुळे व्यवहाराच्या बाबतीत तिची मतं तयार असतात.

"आधी पैसे, मग गोधडी," ती म्हणाली.

"त्या बाई मला ओळखत नाहीत. आधी पैसे का पाठवतील?"

"मग तुम्ही तरी त्यांना कुठे ओळखता? आधी गोधडी का पाठवायची?"

दोन्ही प्रश्न बरोबर होते. कुरिअरचा पर्याय होता, पण कुरिअरवाला शहापूरच्या पुढे येत नसे, आणि पैसे आणून देण्याचं नाव काढलं की फोन ठेवत असे. आई तोवर भाकरी मोडत शांतपणे ऐकत होती.

"पैशे कसले आधी मागता रे?" ती म्हणाली. "बाईनं पांघरून बघितली नाय अजून. थंडीत ऊब आली तर दील पैशे."

आईचा धंदा असाच चालायचा. गोधडी न्यायची, एक थंडी काढायची, मग पैसे. आजवर कुणी बुडवले नव्हते. कारण बुडवणाऱ्याला पुढच्या बाजारात आई समोरच दिसली असती.

"आई, ती बाई नाशिकला राहते."

"मग बराय की! नाशकात थंडी जास्त. लवकर कळंल."

शेवटी मी निर्णय जाहीर केला. गोधडी व्हीपीने जाईल. व्हीपीची पद्धत मी दोघींना समजावून सांगितली. पोस्टमन पार्सल घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जातो. गिऱ्हाईक पैसे भरतं, मगच पार्सल त्याच्या हातात पडतं. ते पैसे पोस्ट मनीऑर्डरने आपल्याला पाठवतं. विश्वासाचा प्रश्नच येत नाही.

"यात चूक व्हायची शक्यता शून्य," मी म्हणालो.

"शून्य?" सुनंदाने विचारलं.

"शून्य."

आईने हात धुतले आणि विचारलं, "बाईचं कापड कुठं हाय?"

हे मी विसरलो होतो. आई गोधडी शिवते ती घेणाऱ्याच्याच जुन्या कपड्यांची. लोक आपली लुगडी, धोतरं, शर्ट गाठोड्यात बांधून आणून देतात. परक्याच्या वापरलेल्या कापडात माणसाला झोप लागत नाही, असं तिचं म्हणणं. फोटोतली गोधडी आमच्या कपड्यांची होती, म्हणजे ती विकायचा प्रश्नच नव्हता. मी बाईंना तसं कळवलं. त्यांना ही पद्धत फार आवडली. त्यांच्याकडे त्यांच्या आईची दोन नऊवारी लुगडी होती, एक अंजिरी आणि एक हिरवं. बाईंची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. लुगडी पेटीत पडून होती.

ईमेलच्या शेवटी एक ओळ होती. "आईच्या साड्या अनोळखी माणसाच्या हाती देत आहे, म्हणून मीही व्हीपीनेच पाठवते. रक्कम अनामत समजावी. गोधडी मिळताच परत करीन."

मी ते घरी वाचून दाखवलं.

"म्हणजे गोधडी आपण विकायची," सुनंदा म्हणाली, "आणि पहिले पैसेही आपणच भरायचे?"

"अनामत आहे ती."

"नाही, धंदा चांगला आहे. माझ्या बाबांना सांगते. बियाणं घ्यायला आलेल्याला आधी शंभर रुपये हातावर ठेवा म्हणते."

आठ दिवसांनी आमचे पोस्टमन भोईर सायकलवरून पार्सल घेऊन आले. मी अनामत भरली. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, लाखेचे ठिपके असलेलं, नीटनेटकं पार्सल. त्यावर जाड, न पुसणाऱ्या शाईत माझा पत्ता लिहिलेला. अक्षर असं, की फळ्यावर सुविचार लिहावा. प्रत्येक ओळ सरळ, खाली दुहेरी रेघ. सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. तालुका बरोबर होता. मला बाईंविषयी आदर वाटला.

आईने तीन आठवडे गोधडी शिवली. अंजिरी लुगड्याचा मधला चौक, त्याला हिरव्याची किनार, आणि सगळीकडून एकसारखे टाके. पौर्णिमेला बुद्धविहारात तिने बायकांना सांगितलं, की आपली गोधडी कॉम्पुटरवरून नाशिकला चालली आहे. त्यानंतर रोज संध्याकाळी कुणी ना कुणी बघायला येऊ लागलं.

"नाशिकची बाई शिकलेली. तिला पसंत पडंल का गो?" एकीने विचारलं.

"तिच्या आईचं लुगडं हाय," आई म्हणाली. "नाय पडली पसंत, तर माझा हात खोटा."

एवढं सगळं त्या एका गोधडीवर येऊन बसलं होतं. मी पार्सल करायला नवीन कापड आणायला निघालो, तर आईने थांबवलं.

"हे काय वाईट हाय?" तिने बर्वेबाईंच्याच पार्सलचं मांजरपाट पुढे केलं. टाके उसवून, लाख खरवडून, धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं. शाई जशीच्या तशी होती.

"त्यावर आपला पत्ता आहे, आई."

"मग? पाठवणाराचं नाव लिवावं लागतं ना पोस्टात?"

"लागतं."

"ते लिवलेलंच हाय. तुझ्यापरीस अक्षर बरं हाय. दुसऱ्या अंगाला बाईचं नाव लिव, झालं."

युक्तिवादात मला दोष सापडला नाही. आईने त्याच कापडात गोधडी शिवली. टाके इतके बारीक घातले, की पार्सल आणि गोधडी यात चांगलं शिवलेलं कुठलं, असा प्रश्न पडावा. बसची वेळ झाली होती. मी उभ्या उभ्या, खिशातल्या बॉलपेनाने, एका अंगाला बर्वेबाईंचा नाशिकचा पत्ता लिहिला. दुसरं अंग बघितलं नाही. बघितलं असतं, तर माझ्या नावाच्या वर बाईंच्या सुंदर अक्षरात 'प्रति' लिहिलेलं दिसलं असतं, आणि माझा हात पेन्सिलीकडे गेला असता. पण हात बॅगेकडे गेला.

ठाण्यात ऑफिसजवळच्या पोस्टात मोठी रांग होती. मी फॉर्मवर माझं नाव घातलं, गिऱ्हाइकाचं नाव कारकुनाने पार्सलवरून उतरवून घेतलं, मी पावती घेतली आणि पाकिटात जपून ठेवली. कागदपत्रांच्या बाबतीत मी कधीच हलगर्जी नसतो.

दुसऱ्या दिवशी आई धसईला गेली. माझी बहीण मंगल तिथे दिलेली. तिचं बाळंतपण होतं. आई महिना-दीड महिना तिकडेच राहणार होती, आणि धसईत तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. त्याच आठवड्यात बाईंचा ईमेल आला, की पेटीत आईची आणखी एक साडी सापडली आहे, तिची छोटी गोधडी करून द्याल का? मी होकार कळवला. धंदा वाढत होता.

दहाएक दिवसांनी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दारात सायकल थांबली.

"दादा, तुमची व्हीपी," भोईर म्हणाले.

तेच मांजरपाट, तेच सुंदर अक्षर. बर्वेबाईंचं दुसरं पार्सल! मी हातात घेऊन बघितलं. पहिल्यापेक्षा बरंच जड.

"एका साडीला एवढं वजन?" सुनंदा दारातून म्हणाली.

"पैठणी असेल. जर असतो तिला."

"किती भरायचे?"

भोईरांनी रक्कम सांगितली. आमच्या गोधडीची किंमत होती, अगदी तेवढीच.

"बघितलंस?" मी सुनंदाला म्हणालो. "बाई हुशार आहेत. अनामत बरोबर आपल्या किमतीएवढी लावली. उद्या आपण गोधडी पाठवलीच नाही, तर फिटंफाट."

भोईर फॉर्मकडे बारकाईने बघत होते. "दादा, हितं दोन्हीकडं तुमचंच नाव हाय."

"सरकारी फॉर्म आहे, भोईर. सरकार सगळं दोनदा लिहून घेतं."

"तेबी खरं," भोईर म्हणाले, आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली.

आई नसल्यामुळे पार्सल उघडायचं कारण नव्हतं. लुगड्यांच्या घड्या तीच मोडते. मी ते तसंच कपाटावर ठेवलं, सुंदर अक्षर वरच्या बाजूला येईल असं.

आणखी आठवड्याने भोईर पुन्हा आले. "दादा, मनीऑर्डर."

गोधडीचे पैसे! पूर्ण रक्कम, एक रुपयाही कमी नाही. मी भोईरांना चहा पाजला. शहापुरातून पेढे आणले आणि आळीत वाटले. धसईला जाणाऱ्या एका जीपवाल्याकडे आईसाठी निरोप दिला, की नाशिकच्या बाईंनी गोधडी घेतली, पैसे आले. सुनंदाला मी विचारलं, "किती टक्के म्हणालो होतो मी चुकीची शक्यता?"

तिने पेढा तोंडात टाकला.

चार दिवसांनी बर्वेबाईंचा ईमेल आला. "गोधडी अद्याप मिळालेली नाही. कृपया चौकशी करावी. ती मिळाल्यावरच दुसरी साडी पाठवीन."

शेवटचं वाक्य मी वाचलं. अठरा वर्षं बातम्या वाचलेल्या माणसाने ज्या काळजीने वाचायला हवं, त्या काळजीने नाही वाचलं. दुसरी साडी तर माझ्या कपाटावर होती. बाईंचं वय झालं आहे, असा निष्कर्ष मी काढला, आणि सौम्य शब्दांत कळवलं, की आपण पैसे भरून पार्सल सोडवून घेतलं आहे, जरा घरात शोधावं.

उत्तर आलं. "मी एकटी राहते. माझ्या घरात गोधडी असती तर मला दिसली असती."

मग मी खरा उपसंपादक झालो. क्रमांक घालून मुद्दे लिहिले. एक, पार्सल अमुक दिवशी ठाण्याहून रवाना झालं, पावती माझ्यापाशी आहे. दोन, पैसे भरल्याखेरीज पोस्ट पार्सल देत नाही. तीन, पैसे मला मिळाले आहेत. चार, यावरून पार्सल कुणाला मिळालं हे सिद्ध होतं. पत्र इतकं निर्दोष होतं, की मी ते सहकाऱ्यालाही दाखवलं. त्यालाही दोष सापडला नाही.

बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं. "पैसे तुमच्याकडेच राहू द्या, पण माझ्या आईची लुगडी परत करा."

ते मी दोनदा वाचलं. पण पुरावा माझ्या बाजूने होता, आणि पुराव्यासमोर गप्प राहण्याची मला सवय नव्हती. मी कळवलं, की हवं तर प्रत्यक्ष येऊन पावत्या बघाव्यात.

त्या आल्या.

रविवारी सकाळी अकराला, पांढरी सुती साडी, हातात छत्री, सोबत एक धिप्पाड भाचा. आई आदल्याच रात्री धसईहून परतली होती, आणि कपाटावर बाईंची दुसरी साडी आहे एवढंच तिला सांगितलं होतं. बाईंनी नमस्कार केला. मी पावती आणि मनीऑर्डरचा कागद टेबलावर मांडला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले. दोन्हींवर क्रमांक, रक्कम आणि माझं नाव, एवढंच होतं. भाचा वाचत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

आईला या भांडणातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, गिऱ्हाईक कौतुक सांगायला आलं. तिने लगबगीने पाणी आणलं आणि बाईंसमोर बसली.

"कशी वाटली, बाई? ऊब आली?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं.

"आई," सुनंदा हळूच म्हणाली, "बाई म्हणतात, गोधडी पोचली नाही."

आईचा चेहरा उतरला. विहारातल्या बायका, पेढे, धसईचा निरोप, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. ती म्हणाली, "तीन आठवडे शिवली मी. कुठं तरी असंल." आणि मग, काही तरी करायचं म्हणून, "तुमची दुसरी साडी तरी काढते. ती बघू, काय करायची ते."

"कुठली दुसरी साडी?" बाई म्हणाल्या. "मी पाठवलेलीच नाही."

"असं कसं?" मला पुन्हा आवाज फुटला. "तुमचं पार्सल कपाटावर आहे. पूर्ण पैसे भरून मी स्वतः सोडवलंय. तुमचं अक्षर आहे त्यावर!"

मी पार्सल काढून टेबलावर ठेवलं. सुंदर अक्षर वर. बाईंनी वाकून बघितलं. "अक्षर माझंच आहे," त्या गोंधळून म्हणाल्या.

मी भाच्याकडे विजयाने बघितलं.

आईने मात्र अक्षर बघितलंच नाही. तिने कडेच्या शिवणीवर बोट फिरवलं. "दिलीप," ती म्हणाली, "हे टाके माझे हायत."

सुनंदाने पार्सल उचललं आणि उलटं केलं. दुसऱ्या अंगाला, फिकट बॉलपेनात, गिचमिड, तिरक्या ओळीत, नाशिकचा पत्ता होता. ते अक्षर मी ओळखलं. ते ओळखणं सोपं होतं, कारण ऑफिसात कंपोझिटर त्याच अक्षराविरुद्ध तक्रार करत असत. पार्सलच्या एका अंगाला ठळक सापगाव, दुसऱ्या अंगाला पुसट नाशिक. ठाण्यात कारकुनाने आणि छाननी करणाऱ्याने जे वाचता येत होतं ते वाचलं, आणि योग्यच केलं. पार्सल माझ्या दारी आलं, मी माझीच गोधडी पैसे देऊन सोडवली, आणि तेच पैसे मनीऑर्डरने मला परत आले. त्या आनंदात मी पेढे वाटले. पोस्टाचं कमिशन तेवढं गेलं. सेवा चोख होती.

 आधी सुनंदाला हसू फुटलं. मग भाच्याला. भाचा हसताना आणखी मोठा दिसत होता.

आईने टाके उसवले. गोधडी बाईंच्या मांडीवर उलगडली. अंजिरी चौकावरून त्यांनी एकदा हात फिरवला, मग पुन्हा एकदा, आणि चष्मा काढून ठेवला. आई त्या हाताकडे बघत होती. विहारातल्या बायकांना हवं होतं ते उत्तर तिला मिळालं होतं.

मग बाईंनी डोळे पुसले आणि त्या माझ्याकडे वळल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण शिक्षिका आधी बोलल्या. "तुमचं पत्र उत्तम होतं हो. मुद्देसूद. मुलांना मी एवढंच सांगायचे, की पेपर देण्याआधी मागची बाजू बघा."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पैसे द्यायला पर्स उघडली, तर आईने हात धरला. "आत्ता नाय. घरी न्या. चार दिस पांघरा. मग बघू."

"अहो, पण असं उधारीवर..."

"व्हीपीनं काय झालं ते बघितलं ना?" आई म्हणाली.

बाई गोधडी घेऊन गेल्या, एक पैसाही न देता. सहाव्या दिवशी मनीऑर्डर आली, गोधडीची किंमत आणि अनामत मिळून. खालच्या निरोपाच्या जागेत लिहिलं होतं, "ऊब आली." ती चिठ्ठी आईने विहारात वाचून घेतली. दोनदा.

संकेतस्थळावर बाईंनी अभिप्रायही नोंदवला. शिवणाऱ्या बाई अत्यंत विश्वासू, गोधडी अप्रतिम, पाच तारे. विक्रेत्याबद्दल स्वतंत्र रकाना होता. तो त्यांनी कोरा सोडला. शिक्षिका होत्या, नापास करणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

भोईर आता निवृत्त झालेत. पण नोकरीत होते तोवर, आमच्याकडे कुठलंही पार्सल आलं, की ते आधी दारातच मला उलटं करून दाखवत, मग सुलटं, आणि अगदी गंभीरपणे विचारत, "दादा, बघून घ्या. हे तुमीच तर नाय ना पाठवलं?"

मी दर वेळी बघून घेत असे.